पॉलिहाउसमधील गुलाबाचा फेब्रुवारीचा बहर लांबला, आणि उन्हाळ्यात दांडाही आखडतो. चूक वाणाची की माझी?

गिरणाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. भडगाव तालुक्यात माझे दहा गुंठ्यांचे, नैसर्गिक वायुवीजनाचे पॉलिहाउस आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैत त्यात सुमारे साडेसहा हजार कलमे लावली. निम्म्याहून अधिक बेडवर ताजमहाल हा लाल वाण आहे, उरलेल्या बेडवर गोल्ड स्ट्राइक हा पिवळा आणि अ‍ॅव्हलांच हा पांढरा वाण आहे. आमची जमीन काळी, भारी असल्याने बेडसाठी डोंगराकडची तांबूस मुरमाड माती आणली, त्यात कुजलेले शेणखत आणि नवापूरकडून आणलेले भाताचे तूस मिसळले. ठिबक आणि फॉगर (बारीक धुके फवारणारे नोझल) आहेत, पंखे व पॅड (ओल्या पडद्यातून हवा ओढून गारवा करणारी यंत्रणा) नाहीत. पाणी बोअरचे आहे.

माझ्या दोन अडचणी आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही हे मला उमगत नाही. पहिली अशी की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माल मिळावा म्हणून मी २२ डिसेंबरला ताजमहालची सर्व झाडे एकदम छाटून घेतली, कारण लागवडीच्या वेळी मिळालेल्या वेळापत्रकात छाटणीनंतर पंचेचाळीस दिवसांत फूल मिळते असे लिहिले होते. प्रत्यक्षात पहिली फुले १६ फेब्रुवारीला हाती लागली. १४ तारखेच्या व्हॅलेंटाइन डेपर्यंत ज्या बंचला चांगला भाव होता तोच माल १६ तारखेनंतर मला सुरतच्या व्यापाऱ्याला मिळेल त्या दराने द्यावा लागला. शिवाय त्यातील बऱ्याच फुलांच्या बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा काळपट पडलेल्या होत्या.

दुसरी अडचण उन्हाळ्याची आहे. मागच्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत दांड्याची लांबी पस्तीस-चाळीस सेंटिमीटरच्या पुढे गेली नाही, फूल लहान आणि फिकट आले, आणि मोजून पाहिले तेव्हा दर तीन फुटींपैकी (नव्या कोंबांपैकी) एक कळी न धरताच थांबलेली होती. उन्हापासून बचाव म्हणून मी मार्चपासूनच शेडनेट पसरून ठेवली होती. आता मार्च अर्धा संपला आहे आणि शेंडे पुन्हा आखडू लागले आहेत. हा वाण खान्देशाच्या हवेला चालत नाही असे समजून मी झाडे बदलावीत का, की माझ्या व्यवस्थापनात काही चुकते आहे? ज्यांनी आपल्या भागात दोन-चार उन्हाळे काढले आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पांझराकाठ

भाऊ, झाडे बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. मी धुळ्याजवळ आठ वर्षे गुलाब करतो आहे आणि पहिली दोन वर्षे नेमका तुमच्यासारखाच तारखांच्या मागे धावलो होतो.

गुलाबाला शेवंतीप्रमाणे दिवस लहान-मोठा होण्याची वाट पाहावी लागत नाही. गुलाबाची प्रत्येक निरोगी फूट शेवटी कळीच धरते. फूट निघाली की साधारण पहिल्या दहा-पंधरा दिवसांत, ती अवघी बोटाच्या पेराएवढी असतानाच, तिच्या टोकाशी कळीची घडण सुरू होते. त्या दिवसांत उजेड कमी पडला, थंडी फार पडली किंवा झाडाच्या अंगात साठा नसला, तर कळी आतच करपते आणि फूट आंधळी राहते. तुम्ही तीनांत एक म्हणून मोजलेल्या फुटी त्याच आहेत. म्हणजे ज्या फुटीवर आज तुम्हाला कळी दिसत नाही, तिचा निकाल तीन-चार आठवड्यांपूर्वीच लागलेला असतो, आणि आज खत वाढवून तो फिरवता येत नाही.

आता पंचेचाळीस दिवसांविषयी. फूट किती दिवसांत फुलावर येईल हे मुख्यतः तापमानावर ठरते. सुमारे पाच अंशांखाली गुलाबाची वाढ जवळजवळ थांबते असे धरतात आणि त्याच्या वर रोज जितके अंश मिळतील तितके झाड आपल्या खात्यात जमा करीत जाते. तीस अंशांच्या पुढे मात्र हा हिशेब बिघडतो, तिथे जास्त उष्णता मिळाली म्हणून वाढ त्याच प्रमाणात वेगाने होत नाही. तुमच्याकडे पॉलिहाउसच्या आतील कमाल-किमान तापमानाच्या नोंदी असतील, आणि ऑक्टोबरमध्ये केलेल्या छाटणीची तारीख असेल, तर इथे लिहा, आपण आकडे मांडून पाहू.

पाकळ्यांचे काळे पडणे हाही थंडीचाच भाग आहे. लाल वाणात रात्री फार गार आणि दिवसा ऊन कडक असले की पाकळीत रंगद्रव्य प्रमाणाबाहेर साठते आणि कडा काळवंडतात. सगळे लाल वाण सारखे काळे पडत नाहीत, आणि छताची फिल्म (प्लास्टिकचा कागद) अतिनील किरणे अडवणारी असेल तर हा त्रास कमी होतो. फिल्म बदलायची वेळ येईल तेव्हा विक्रेत्याला हा प्रश्न जरूर विचारा.

गिरणाकाठ

दादा, मनापासून आभार. सुदैवाने आतल्या थर्मामीटरची वही माझा मुलगा लिहितो. ५ ऑक्टोबरला मी चार बेड छाटले होते आणि त्यांची पहिली फुले १६ नोव्हेंबरला मिळाली. त्या काळात दिवसाचे कमाल तापमान सरासरी ३३ आणि रात्रीचे किमान १७ होते. २२ डिसेंबरनंतरच्या काळात कमाल ३० आणि किमान १० असे आहे. जानेवारीत चार-पाच रात्री तर पारा ८ वर आला होता. बाजूचे पडदे मी संध्याकाळी साडेसहा-सातला, मजूर घरी जाताना लावत होतो.

पांझराकाठ

उत्तर तुमच्या वहीतच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरासरी २५ अंश होती, म्हणजे पाच वजा जाता रोज २० अंश जमा. ५ ऑक्टोबर ते १६ नोव्हेंबर हे ४२ दिवस. २० गुणिले ४२ म्हणजे ८४०. हा आकडा तुमच्या पॉलिहाउसचा, तुमच्या ताजमहालचा आणि तुमच्या छाटण्याच्या पद्धतीचा आहे, माझ्याकडे तो वेगळा येतो, तेव्हा कोणाचा उसना घेऊ नका. हिवाळ्यात सरासरी २० अंश, म्हणजे रोज १५ जमा. ८४० भागिले १५ बरोबर ५६ दिवस. २२ डिसेंबरमध्ये ५६ दिवस मिळवा, १६ फेब्रुवारी येते. झाडाने एक दिवसही चुकवलेला नाही.

एवढा तंतोतंत मेळ दरवेळी बसेल असे समजू नका. कमाल आणि किमान यांची सरासरी हा ढोबळ उपाय आहे, आणि ढगाळ आठवडा आला की दोन-चार दिवस मागेपुढे होतातच. तरीही पुढच्या वर्षी २ फेब्रुवारीला पहिली फुले हवी असतील तर छाटणी ८ डिसेंबरच्या आसपास करावी लागेल, आणि सर्व बेड एकाच दिवशी छाटू नका. चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन टप्पे केले, तर थंडी कमी-जास्त झाली तरी एक टप्पा नेमका सापडतो.

पडद्यांची वेळ मात्र आजपासून बदला. सूर्य मावळल्यावर पडदा लावणे म्हणजे घरातील ऊब निघून गेल्यावर दार लावण्यासारखे आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी चार-साडेचारला पडदे लावले तर जमिनीत आणि बेडमध्ये साठलेली उष्णता काही तास टिकते. एकपदरी फिल्मच्या घरात रात्री दोन-तीन अंशांचाच फरक पडतो, पण छप्पन्न रात्री दोन अंश मिळाले तर हिशेबात ते दिसतात. सकाळी ऊन पडताच पडदे थोडे उघडून आतील दमट हवा बाहेर जाऊ द्यावी, अन्यथा पानांवर दव राहते आणि केवडा रोग येतो. केवड्याने एकदा पाने गळाली की मग बहराचा विचारच करायला नको. हिवाळ्यात फॉगरही दुपारनंतर चालवू नका.

दुसरे असे की छाटणी कुठे केली हेही दिवसांत मोजले जाते. फुलाच्या लगेच खालची पाने तीन-तीन पर्णिकांची असतात, त्यांच्या बगलेतील डोळा लवकर फुटतो पण दांडा आखूड देतो. त्याखाली पाच पर्णिकांची पाने लागतात. त्यांतील दुसऱ्या पानाच्या वर, डोळ्यापासून अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवून, बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्यावर कापावे. अगदी तळाच्या डोळ्यावर कापले तर दांडा लांब येतो पण डोळा जागा व्हायलाच आठवडा जास्त लागतो. तुमच्या मजुरांपैकी एकाने वर आणि दुसऱ्याने खाली कापले असेल, तर बहर बारा-पंधरा दिवस रेंगाळत राहतो. माझ्याकडे पहिल्या वर्षी तेच झाले होते. आता छाटणीच्या दिवशी पहिली दहा झाडे मी स्वतः कापून दाखवतो.

माती_आणि_पाणी

वरील हिशेब पटला. मी त्यात पाण्याची बाजू जोडू इच्छितो, कारण माती-पाणी तपासणीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि गिरणा-तापी पट्ट्यातील बोअरचे पाणी गुलाबाला फारसे मानवत नाही, असाच माझा अनुभव आहे.

गुलाबाला मुळांच्या परिसरात साडेपाच ते साडेसहा सामू (पीएच) हवा असतो. आपल्याकडील पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात आणि असे पाणी रोज ठिबकने दिले की सुरुवातीला उत्तम असलेली तांबूस माती दोन वर्षांत आठच्या दिशेने सरकते. सामू चढला की लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही, कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, आणि ज्या पानांनी अन्न तयार करायचे तीच अर्धपोटी राहतात. उन्हाळ्यात हे अधिक जाणवते, कारण चौरस मीटरला रोज सहा लिटर पाणी धरले तर तुमच्या दहा गुंठ्यांत सहा हजार लिटर पाणी जाते. झाड पाणी घेते आणि क्षार मागे राहतात. दांडा आखडण्याला आणि पानांच्या कडा जळण्याला हा साठलेला क्षारही कारण असतो.

कृपया एक काम करा. एका बेडला ठिबकखाली वीतभर खड्डा घेऊन पाहा आणि पाणी व माती दोन्ही तपासून घ्या. पाण्याची विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) एक डेसिसायमन प्रति मीटरच्या खाली असावी, त्यातही कमी असेल तितके बरे. बायकार्बोनेट जास्त निघाले तर नायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल किती सोडायचे हे तपासणीच्या आकड्यावरून ठरवतात, अंदाजाने कधीही सोडू नये. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये, आणि हातमोजे व चष्मा घातल्याशिवाय कॅनला हात लावू नये. लोह द्यायचे असेल तर साधे ईडीटीए लोह या सामूला टिकत नाही, ईडीडीएचए स्वरूपातील घ्यावे लागते. ते महाग असते, म्हणून दुकानदार आपण होऊन सुचवत नाही किंवा सुचवलेच तर ग्राहक ऐकत नाही, असे दोन्हीकडून मी पाहिले आहे.

शेततळे असेल तर पॉलिहाउसच्या छतावरून वाहणारे पावसाचे पाणी त्यात घ्या. हजार चौरस मीटर छतावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे एक लाख लिटर पाणी उतरते, आणि त्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतात. बोअरच्या पाण्यात ते निम्मे मिसळले तरी आम्लाचा खर्च बराच उतरतो, आणि फॉगरच्या नोझलवर व पानांवर चुन्याचा पांढरा थर बसणेही कमी होते.

सातपुडा_पायथा

माझे पॉलिहाउस यावल तालुक्यात आहे. उन्हाळ्याच्या प्रश्नावर कोणी नीट बोलले नाही म्हणून लिहितो.

आपल्याला मिळणारी बहुतेक माहिती पुण्याजवळच्या मावळातून, तळेगावच्या बाजूने येते. ती माहिती चुकीची नाही, तिथे महाराष्ट्रातील पॉलिहाउस गुलाबाचा मोठा पट्टा आहे. पण तो भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे आणि आपले जळगाव दोनशे मीटरच्या आसपास आहे. तिथल्या मे महिन्यात फॉगर आणि शेडनेटवर भागते. आपल्याकडे भुसावळ-जळगावचा पारा ४३-४४ वर गेला की फॉगर सुरू असतानाही आत ३८-३९ असते. गुलाबाला दिवसा २४ ते २८ आणि रात्री १५ ते १८ अंश हवेत. तीस-बत्तीसच्या पुढे पाकळ्यांची संख्या घटते, रंग उतरतो आणि फूल पुरते वाढण्याआधीच उमलते, त्यामुळे दांड्याला लांब व्हायला वेळच मिळत नाही.

पंखे-पॅडविषयी एक गैरसमज ऐकू येतो की आपल्याकडील उन्हाळ्यात ते चालत नाहीत. खरे तर कोरडी हवा हीच त्यांची ताकद आहे. बाहेर ४३ अंश आणि हवेतील आर्द्रता पंधरा टक्के असेल तर ओले कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा २३ अंशांच्या आसपास असतो. चांगले पॅड या फरकाच्या ऐंशी टक्के तापमान उतरवते, म्हणजे पॅडजवळ २७ अंश मिळू शकतात, आणि पंख्याकडे जाईपर्यंत ते चार-सहा अंशांनी चढतात. अडचण आहे ती विजेची आणि पाण्याची, आणि जड पाण्याने पॅड चुनखडीसारखे घट्ट होतात त्याची. जूनमध्ये हवा दमट झाली की तेच यंत्र अर्धेही काम करीत नाही. दहा गुंठ्यांसाठी हा खर्च मी केला नाही आणि तुम्हालाही सुचवणार नाही.

तुमची खरी चूक मला शेडनेटमध्ये दिसते. मार्चपासून दिवसभर पसरून ठेवली असे तुम्ही लिहिले आहे. मार्चमध्ये सकाळी अकरापर्यंतचा आणि चारनंतरचा उजेड झाडाला हवा असतो, तो तुम्ही अडवला. आधीच फिल्मवर जानेवारीपासून धूळ बसते, आमच्याकडे तर कपाशीच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याची माती छतावर येते, त्यात ही सावली. अशा अर्ध्या अंधारात फूट आंधळी राहिली तर नवल नाही. होळीच्या आधी एकदा छत पाण्याने धुऊन घ्यावे आणि नेट सरकती करून फक्त अकरा ते चार ओढावी. पश्चिमेचा वारा अडवायला बाजूला शेवग्याची किंवा गजराज गवताची दाट ओळ असेल तर गरम झळ थेट आत येत नाही.

आणि लाल कोळी ही कीड विसरू नका. तीस अंशांच्या कोरड्या हवेत त्यांची एक पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. पान उलटून भिंगाने पाहावे, जाळी दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. पांढऱ्या कागदावर पान झटकले की चालणारे ठिपके दिसतात, ही आमच्या घरी लहान मुलांची आवडती तपासणी आहे.

पांझराकाठ

नेटविषयी भाऊंचे म्हणणे बरोबर आहे, माझ्या नजरेतून ते सुटले होते. उन्हाळ्यासाठी मी एक पुढचे पाऊल सुचवतो. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर फुलांच्या मागे लागू नका, झाडाला विश्रांती द्या. बारीक आणि आखूड फुटी कापण्याऐवजी वाकवून घ्या. वाकवलेल्या फांदीची पाने अन्न तयार करीत राहतात आणि ते मुळांकडे व तळाच्या डोळ्यांकडे जाते, त्यातूनच जाड बॉटम (बुडातून येणाऱ्या जोमदार फुटी) निघतात. पुढच्या वर्षीचे साठ सेंटिमीटरचे दांडे त्याच बॉटमवर येणार आहेत. तुमच्या झाडांखाली वाकवलेल्या पानांचा थर किती आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, पण बहर एकदम छाटून घेतल्याचे वाचून मला तो विरळ असावा असे वाटते.

वाकवण्याचे काम दुपारी करावे, सकाळी फांद्या पाण्याने भरलेल्या असतात आणि कट्कन मोडतात. डाव्या हाताचा अंगठा फांदीच्या बुडाशी, बेडपासून चार बोटांवर, टेकवायचा आणि उजव्या हाताने फांदीला किंचित पीळ देत तिला वाटेच्या बाजूला आडवी करायची. टोक बुडापेक्षा खाली गेले पाहिजे. साल थोडी चिरली तरी चालते, फांदी जिवंत राहते. लाकूड तुटले तर ती कापून टाकावी. वाकवलेल्या फांदीवर आलेली कळी वाटाण्याएवढी होताच खुडावी, नाहीतर तिथे फुलकिडे घर करतात.

सातपुडा_पायथा

दादा, विश्रांतीचा सल्ला पुस्तकात शोभतो, पण खान्देशात तो पूर्ण पाळणे मला परवडलेले नाही. आपल्याकडे लग्नसराई ऐन उन्हाळ्यात असते, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे गाडी सजवायला, स्टेजला आणि हारांना गुलाब लागतोच. तिथे कोणी दांडा मोजत नाही, चाळीस सेंटिमीटरचा लाल गुलाबही विकला जातो. दोन महिने मजुरी, वीज आणि औषधे चालू ठेवून विक्री शून्य करायची, हे कर्जाचा हप्ता भरणाऱ्याला जमत नाही.

पांझराकाठ

ही बाजू मान्य आहे. मग मध्यम मार्ग असा निघतो की निम्मे बेड वाकवून सोडावेत आणि निम्म्यांवरून लग्नाचा माल काढावा, पुढच्या वर्षी बेडांची अदलाबदल करावी. मी स्वतः हे केलेले नाही, पण झाडाच्या दृष्टीने त्यात वावगे काही दिसत नाही. ज्या बेडवर सर्वांत जास्त आंधळ्या फुटी आहेत तेच आधी वाकवावेत.

फूलभांडार_जळगाव

मी फूलविक्रेती आहे, शेतकरी नाही, त्यामुळे लागवडीवर बोलत नाही. गिरणाकाठ भाऊंच्या मालासारखा माल आमच्या दुकानात येतो म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे काळ्या कडांचा माल आणि चांगला माल एकाच बंचमध्ये बांधू नका. वीस फुलांत तीन काळी निघाली की आम्ही सर्व बंच खालच्या दराने धरतो. बाहेरची एखादी पाकळी काढून चालते, पण शेतावर काढू नका, ती प्रवासात आतल्या पाकळ्यांचे रक्षण करते. आमच्या दुकानात आम्ही ती काढतो.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागाची आहे. दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या मोठ्या मागणीसाठी आम्ही चाळीस बंच एका ओळखीच्या केळीच्या शीतगृहात रात्रभर ठेवले, कारण फुलांसाठी वेगळी थंड खोली उपलब्ध नव्हती. सकाळी फुले वरून ताजी दिसत होती. दुपारी स्टेज बांधत असताना हात लागेल तिथे पाकळ्या गळू लागल्या, काही कळ्या तर मान टाकून तशाच राहिल्या. पिकणाऱ्या केळीतून इथिलीन वायू निघतो आणि गुलाबाला तो सोसत नाही, हे आम्हाला नंतर कळले. रावेर-सावद्याकडील मंडळींनी केळीच्या गाडीतून फुले पाठवण्याचा मोह टाळावा, गाडी रिकामी असली तरी आधी धुऊन, उघडी ठेवून वास घालवावा.

फूल कोणत्या अवस्थेत कापायचे यावरही वाद होतात. सुरत किंवा इंदूरला जाणारा माल बाहेरच्या एक-दोन पाकळ्या नुकत्या सुटत असताना कापावा. जळगावच्या दुकानात त्याच दिवशी विकायचा माल थोडा अधिक उघडलेला चालतो, गिऱ्हाईक तोच मागते. एप्रिलमध्ये मात्र सकाळी सहाच्या आत कापून, कापलेल्या फुलाचा दांडा लगेच पाण्याच्या बादलीत बुडवून ते सावलीत न्यावे. वाफ्याच्या टोकाला ढीग करून मग सगळे एकदम उचलणारे शेतकरी आहेत, त्यांची फुले आमच्याकडे दुसऱ्या दिवशी माना टाकतात आणि दोष आमच्या पाण्याला मिळतो.

गिरणाकाठ

ताई, दादा, सर्वांचे आभार. चार दिवसांत जे पाहिले ते लिहितो.

ताजमहालच्या एका बेडला ठिबकखाली खड्डा घेतला. वीतभर खोलीवर मातीच्या ढेकळांना पांढरट पापुद्रा दिसला आणि मुळे त्या थराच्या वरच पसरलेली आढळली. पाण्याचा व मातीचा नमुना तपासणीला दिला आहे. गोल्ड स्ट्राइकच्या बेडवर कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, असे वर्णन केले आहे तसेच आहे. मी ते वाणाचेच रूप समजत होतो.

झाडांखाली वाकवलेल्या फांद्या मोजल्या तर बहुतेक झाडांना एक किंवा दोनच निघाल्या, काही झाडांना एकही नाही. पांझराकाठ दादांचा अंदाज खरा आहे. छत धुतले, आणि पहिल्या पाण्याबरोबर जो चिखल खाली आला तो पाहून मुलाने विचारले की ही फिल्म नवी असताना एवढी स्वच्छ होती का. नेटला दोरी-कप्पी लावण्याचे काम उद्यापासून सुरू करीत आहे.

एक शंका राहिली. मातीत असा थर असताना आता भरपूर पाणी सोडून क्षार खाली धुऊन काढावेत का, की तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबावे?

माती_आणि_पाणी

थांबावे. बायकार्बोनेटयुक्त पाणीच जास्त सोडले तर तुम्ही ज्याने बिघडले त्यानेच धुवाल. शिवाय बेडच्या तळाशी निचऱ्याची चर मोकळी आहे का हे आधी पाहा, तांबूस मातीखाली तुमची मूळची काळी जमीन आहे आणि ती पाणी धरून बसते. चरीत काठी घालून पाहिली तर तळाशी गाळ लागतो की खडी लागते, तेवढे कळवा. अहवाल आल्यावर आम्लाचे प्रमाण इथेच काढून देतो.

गिरणाकाठ

आताच काठी घालून आलो. पहिल्या तीन बेडांना खडी लागली, चौथ्यापासून पुढे काठी चिखलात रुतली. आंधळ्या फुटीही चौथ्या बेडपासूनच जास्त आहेत.